आठवण नसलेला वास

आईला वास येत नाही, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि मला ते कळलं आहे हे मी कितीतरी महिने कुणालाच सांगितलं नाही. न सांगणं हा माझा तेव्हाचा स्वभावच होता. वर्गात उत्तर येत असलं तरी मी वहीत मान घालून बसायचे. घरी पाहुणे आले की पाण्याचा ट्रे टेकवून आतल्या खोलीत पळायचे आणि तिथून दाराच्या फटीतून सगळ्यांची बोलणी ऐकायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलनी हिंदी, दूधवाला बुंदेली आणि मराठी फक्त आमच्या तीन खोल्यांत. त्यामुळे कुठलीच भाषा आपल्याला बोलायची पुरेशी येते असं मला वाटायचं नाही. बघायला मात्र भाषा लागत नाही. मी बघत राहायचे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी आम्हा तिघांनाही एकापाठोपाठ एक ताप येऊन गेला. ताप उतरल्यावर बाबांना पंधरा दिवस चहा म्हणजे नुसतं गरम पाणी लागत होतं, मला वरणभातात आणि कापसात फरक कळत नव्हता. मग हळूहळू आमचं परत आलं. आई म्हणाली, "माझंही आलं," आणि तो विषय तिनं डब्याचं झाकण लावावं तसा बंद केला. पण नंतरच्या महिन्यात आमच्याकडे दोनदा दूध लागलं. ज्या घरात आई बाहेरच्या अंगणात कपडे वाळत घालताना "गार्गी, दूध बघ गं" असं दूध वर यायच्या आधी ओरडायची, त्या घरात पातेल्याचा तळ काळा झाला आणि ती शेजारच्या खोलीत उशांना अभ्रे घालत बसली होती. पूर्वी ती फोडणी करताना माझ्याकडे तोंड करून बोलत असायची, पाठीमागे जिरं कधी झालं ते तिला बरोबर कळायचं. आता ती कढईवर वाकून मोहरीकडे टक लावून बघायची. रात्रीची भाजी सकाळी झाकण उघडून एका हुंगण्यात "आंबली" किंवा "चालेल" सांगणारी आई, आता डबा माझ्यापुढे धरायची. "बघ गं, कशी आहे?" जणू काही माझ्या मताला घरात एकाएकी किंमत आली होती.

मला खात्री करून घ्यायची होती. एका दुपारी ती गहू निवडत बसलेली असताना मी हिंगाची डबी उघडून तिच्या खांद्यामागे धरली. आमचा हिंग खडा हिंग होता, डबी उघडली की शेजारच्या क्वार्टरमध्ये कळायचं. ती गहू निवडत राहिली. मी डबी आणखी जवळ नेली. तिनं एक खडा बाजूला टाकला आणि न बघताच म्हणाली, "अशी मागे काय उभी राहिलीस? बस ना." मी डबी बंद केली आणि आत निघून गेले. आज ते आठवलं की लाज वाटते. आईवर कुणी असा प्रयोग करतं का? पण त्या क्षणी लाज नव्हती, कुतूहल होतं. एवढी मोठी गोष्ट माणसाच्या चेहऱ्यावर जराही दिसत नाही, याचंच मला फार नवल वाटलं होतं.

ऑक्टोबरात तिनं मला हाताशी धरून मोबाइलवरून लव्हेंडरचं बी मागवलं. बाबा कंपनीत तपासणी विभागात होते. त्यांना कुठलीही वस्तू आली की आधी तिच्यातला दोष दिसायचा. "झाशीत?" ते पाकीट उलटंपालटं करत म्हणाले. "अगं, हे थंड डोंगराळ मुलखातलं झाड. इथे मे महिन्यात दगडं तापून फुटतात."

"मे अजून लांब आहे. बघू तर."

"त्यापेक्षा दवणा लाव. चैत्रात देवाला तरी होईल."

"दवणा माहीत आहे मला," आई म्हणाली. हे वाक्य तेव्हा मला अगदी साधं वाटलं होतं.

बियांचं पाकीट तीन आठवडे फ्रिजमध्ये, आलं-लसणीच्या वाटीशेजारी पडून होतं, कारण या बियांना थंडी सोसल्याशिवाय जाग येत नाही असं तिनं वाचलं होतं. बाबांच्या ऑफिसातले एक भैया बेतवा नदीकाठच्या एरचचे होते. त्यांनी सुट्टीवरून येताना बेतव्याची वाळू पोतंभर आणून दिली. माती कमी, वाळू जास्त आणि चुन्याची चिमूट, अशा नऊ कुंड्या मागच्या अंगणात भिंतीला लावून मांडल्या गेल्या. रोपं इतकी हळू वाढली, की जानेवारीत दूधवाल्या भैयांनी किटली खाली ठेवून वाकून बघितलं आणि विचारलं, "भाभीजी, जो का आय? बथुआ तौ नइयाँ." बथुआ म्हणजे चाकवत. आईनं सांगितलं, खुशबूदार पौधा आहे, विलायती. त्यांनी एक पान तोडून चुरगाळलं, हुंगलं आणि मान हलवली. "कपूर जैसो है." मी आईकडे बघत होते. तिनंही एक पान तोडलं, चुरगाळलं, हात नाकापर्यंत नेला आणि म्हणाली, "हो ना? कापरासारखा." तिनं भैयांचाच शब्द उचलला होता. ते गेल्यावर मीही पान चुरगाळून बघितलं. कापूर होता, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, धुतलेल्या चादरीसारखं, किंचित कडू. तिनं ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आमच्याकडे दर शनिवारी जुन्या गावातल्या लक्ष्मी गेटजवळून सुमनमावशी यायच्या. त्यांचं माहेर गुरसरायचं, सासर झाशीचं, आणि दोन्ही घरं कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून इकडे आलेली. आम्ही बाबांच्या नोकरीमुळे आलेलो, म्हणून त्यांच्या हिशेबी "कंपनीवाले, कालचे". त्यांच्या मराठीत हिंदी मनसोक्त मिसळलेली होती आणि मधूनच तबक, पंचपाळं असे शब्द यायचे, जे मी फक्त त्यांच्याकडूनच ऐकले. मला त्या हनुवटीला धरून विचारायच्या, "काय गं बेटा, आज तरी बोलणार का, की आजही मौनव्रत?" आणि मी हसून आत पळायचे. आईला त्या नसलेल्या सासूच्या जागी होत्या. रीतभात, सणवार, सगळं त्यांना विचारून.

फेब्रुवारीच्या अखेरीस रोपांना तुरे आले. बारीक, करड्या दांड्यांवर जांभळ्या कळ्यांची कणसं. आई रोज सकाळी जाऊन बघायची. मी दहावीच्या परीक्षेच्या अभ्यासाला खिडकीत बसायचे आणि ती बघते आहे हे बघायचे. सुमनमावशींनी तिला बजावून ठेवलं होतं, "कळी खुडायची नाही हं. कळी म्हणजे मुकं लेकरू. पूरी खिलू दे, मग तोड. आणि पहिलं देवाला." हे आईला नवं नव्हतंच. तिच्या माहेरीही फुलाच्या बाबतीत दोन नियम होते: कळी तोडायची नाही, आणि देवाला वाहायचं फूल आधी हुंगायचं नाही. लहानपणी परडीतल्या मोगऱ्यात मी नाक खुपसलं म्हणून सगळी परडी झाडाखाली ओतली गेलेली मला आठवते. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या सहा महिन्यांत आईला देवघरासमोरच निवांत वाटत असणार. दिवसभरात तेवढी एकच जागा होती, जिथे फूल हातात धरून न हुंगणं हीच रीत होती.

तर आम्ही थांबलो. कणसावरचं एकूण एक फूल उमलेपर्यंत, खालची फुलं तपकिरी होऊन गळायला लागेपर्यंत थांबलो. मग माझी परीक्षा संपली त्या आठवड्यात, एका दुपारी, आईनं कात्रीनं सगळे उमललेले तुरे कापले. पहिली जुडी देवापुढे गेली. बाकीचं सगळं आम्ही जिन्यानं गच्चीवर नेलं आणि बटाट्याच्या किसाशेजारी, सांडग्यांच्या शेजारी, जुन्या सुती साडीवर पसरलं. आमच्या घरात वाळवायचं म्हणजे उन्हात वाळवायचं, दुसरी पद्धत आम्हाला ठाऊकच नव्हती. झाशीचं एप्रिलमधलं ऊन तीन दिवसांत मिरचीला खुळखुळ्यासारखं वाजवतं. लव्हेंडर दोन दिवसांतच वाजायला लागलं. जांभळा रंग आधी राखाडी झाला, मग वाळक्या गवताचा. आईनं ते चुरून, ब्लाउजपिसांच्या तुकड्यांच्या छोट्या पुरचुंड्या शिवून त्यांत भरलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला एकेक द्यायची असं तिनं ठरवलं होतं.

पुरचुंड्या भरून झाल्या त्या संध्याकाळी मी अंगणात होते. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून मला ती दिसत होती. ओट्याला टेकून उभी होती. तिनं एक पुरचुंडी दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटले आणि नाकाशी धरली. खूप वेळ. आपण फुलाचा वास घेतो तसा नाही. डॉक्टर पाठीवर नळी ठेवून सांगतात तसा, खोल, मोजून. मग तिनं ती खाली ठेवली, दुसरी उचलली. मग तिसरी. मग तिनं डोळे उघडले आणि ओट्यावरचा एक न दिसणारा डाग फडक्यानं पुसला.

मी आत गेले तेव्हा तिनं हसून एक पुरचुंडी माझ्यापुढे केली. "छान येतोय ना? मंद आहे अगदी." मी हुंगली. भुसा. धूळ. थोडा सांडग्यांचा हिंग. पानाचा तो कापूर नाही, चादर नाही, काही नाही. "हो," मी म्हणाले, "छान आहे."

रात्री जेवताना ती बाबांना म्हणाली, "गौर झाली की त्या कुंड्या रिकाम्या करू. उगाच जागा अडवतात."

"का गं? पुन्हा कळ्या धरल्यात. आता कुठे माझा विश्वास बसायला लागला होता त्यांच्यावर."

"झालं की. बघून झालं माझं."

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि विषय सोडला. मला त्या "बघून झालं"चा अर्थ लागत नव्हता. वास येत नसलेल्या बाईनं वासाचं झाड का लावलं, सहा महिने त्याची मनधरणी का केली आणि फुलं आल्यावर ते का उपटायला निघाली? विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं तर आधी कबूल करायला हवं होतं, की मला माहीत आहे.

हळदीकुंकवाच्या दिवशी आमच्या छोट्या बैठकीत झाशीतल्या दोन्ही तऱ्हेच्या मराठी बायका बसल्या होत्या: एका भिंतीला कंपनीवाल्या, दुसऱ्या भिंतीला गावातल्या. मधे झोपाळ्यात गौर, समोर कलिंगडाचं कापून केलेलं कमळ. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. आईनं कमी-जास्त कळावं म्हणून सकाळी मला डाळ तीनदा चाखायला लावली होती. मी पन्ह्याचे पेले फिरवत होते. सुमनमावशींनी स्वतःच्या घरून चांदीची अत्तरदाणी आणली होती आणि त्या एकेकीच्या मनगटाला वाळ्याचं अत्तर लावत होत्या. बायका मनगट नाकाशी नेऊन "अहाहा" करत होत्या, आईनंही केलं. मग आईनं पुरचुंड्यांचं तबक फिरवलं. "घरचं लव्हेंडर आहे. कपड्यांत ठेवा, छान वास राहतो."

कंपनीवाल्यांनी कौतुक केलं. कापड किती सुरेख, शिवण किती बारीक. वासाबद्दल कुणी काही बोललं नाही. सुमनमावशींनी मात्र पुरचुंडी उचलली, नाकाशी धरली, पुन्हा धरली, झटकली, पुन्हा धरली.

"अगं, हे काय दिलंस?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ह्याला तर भुशाचा वास येतो! सच सांगते, आमच्या गुरसरायच्या गोठ्यातली वैरण बरी. तुला कुणी फसवलं गं?"

मला वाटलं, आता आई रडेल, किंवा हसून काहीतरी सावरून घेईल. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर कुणाचा अपमान झाल्यावर बघितलेलं नाही. तिचे डोळे मोठे झाले होते. ती दोन पावलं पुढे आली आणि तिनं सुमनमावशींचा हात धरला.

"येत नाहीये वास? खरंच?"

"नाही गं बाई."

"अजिबात नाही? कुणालाच नाही?" ती वळून भिंतीशी बसलेल्या बायकांना विचारायला लागली. "तुम्हाला? वहिनी, तुम्हाला? खरं सांगा हं, माझ्यासाठी म्हणून नको."

शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनींनी ओशाळून कबूल केलं, की नाही, तसा काही विशेष येत नाही. दुसरी म्हणाली, गवतासारखा थोडा. आणि आई हसायला लागली. खळखळून. "कुणालाच येत नाहीये!" बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. सुमनमावशींनी अत्तरदाणी खाली ठेवली. "अगं, तुला गरमी तर नाही ना झाली? बस जरा. गार्गी, बेटा, पंखा वाढव."

सगळ्या गेल्यावर आई ओट्याशी पेले विसळत होती आणि अजूनही स्वतःशीच हसत होती. मी तिच्या मागे उभी राहिले. हिंगाची डबी घेऊन उभी होते त्याच जागी. वर्गात पहिल्यांदा हात वर करावा तसं मी म्हणाले, "आई, मला माहितीये."

"काय?"

"तुला वास येत नाही ते."

तिनं नळ बंद केला. "कधीपासून?"

"हिंगापासून." मग मला तेही सांगावं लागलं. मला वाटलं ती रागावेल. तिनं पदरानं हात पुसले, खाली बसली आणि जवळचा पाट माझ्याकडे सरकवला.

तिनं मग जे सांगितलं, ते मला तिच्याच शब्दांत आठवतं. "गुलाब दिसला की मला गुलाबाचा वास येतो, गार्गी. मोगरा दिसला की मोगऱ्याचा. पण तो नाकातून येत नाही, डोक्यातून येतो. सुरुवातीला मला वाटलं, आलं परत. मग एकदा डोळे मिटून डब्यातून काहीतरी काढलं, हुंगलं, म्हटलं लवंग. उघडून बघते तर मिरी. इतक्या वर्षांचे वास आत साठलेत, ते फसवतात मला. म्हणून मला असा वास हवा होता, जो मी जन्मात घेतलेला नाही. ज्याची आठवणच नाही. तो आला तर खरा आला, नाहीतर नाही आला. दवणा म्हणत होते तुझे बाबा. दवण्याचा काय उपयोग? तो मला तसाही येतो."

"मग पुरचुंड्यांना…"

"काहीच आलं नाही. म्हटलं, संपलं. आता मोहरी बघून फोडणी करायची जन्मभर." ती पुन्हा हसली. "आणि आज कळलं, की त्यांना वासच नाही. म्हणजे मी नापास नाही झाले. पेपरच कोरा होता."

आज मी ज्या शहरात राहते तिथे फरशी पुसायच्या औषधापासून हात धुवायच्या साबणापर्यंत सगळ्यावर लव्हेंडरचं चित्र असतं, आणि त्यातल्या एकालाही आमच्या अंगणातल्या पानाचा वास नसतो. एखाद्या दुकानात ती बाटली हातात घेते तेव्हा मला नेहमी वाटतं, बरं झालं, तेव्हा आमच्या घरी निळा साबण आणि फिनेल यापलीकडे काही यायचं नाही. आईचा तो एक वास कुणी वापरून टाकलेला नव्हता.

हळदीकुंकवाच्या त्या रात्री बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ग्वाल्हेरपासून दिल्लीपर्यंत डॉक्टरांच्या रांगा लावल्या असत्या."

"त्या तर आता लावूच," बाबा म्हणाले, पण ते उठून टॉर्च घेऊन अंगणात गेले आणि एकेका कुंडीवरच्या कळ्या बघून आले. दुसऱ्या दिवशी मी वाचून काढलं, आमचं काय चुकलं ते. जवळजवळ सगळंच. लव्हेंडर कळीतच कापायचं असतं, कणसावरची जेमतेम दोन-तीन फुलं उघडलेली असताना. सगळी उमलेपर्यंत थांबलं तर वास फुलाबरोबर उडून जातो. आणि वाळवायचं ते सावलीत, अंधारात, वाऱ्यावर, उलटं टांगून. उन्हानं रंगही जातो आणि तेलही. म्हणजे आम्ही देवाच्या फुलांचा नियम आणि सांडग्यांची पद्धत, दोन्ही त्या बिचाऱ्या झाडाला लावले होते.

आईला कळ्या कापायचं फार जड गेलं. दहा दिवसांनी सकाळी, दव सुकल्यावर, ती कात्री घेऊन कुंडीपाशी बसली आणि बसूनच राहिली. "मुकं लेकरू म्हणतात," ती पुटपुटली. मग देवघराच्या दिशेनं बघून म्हणाली, "तुझं नाही हे. तुझ्यासाठी नेलं तर मी उमललेलंच नेईन. हे औषध आहे." आणि तिनं पहिली कांडी कापली.

टांगायला जागा फक्त माझ्या खोलीत होती. बाकी दोन खोल्यांत कूलर सुरू झाले होते, आणि कूलरची ओली हवा लागली तर बुरशी धरणार. मग माझ्या खोलीचा कूलर बंद, खिडकीला जाड चादर, आणि पडद्याच्या दांड्यावर सुतळीनं बांधलेल्या सात जुड्या उलट्या लटकलेल्या. पुढचे दोन आठवडे मी दुपारी ओला टॉवेल अंगावर घेऊन पंख्याखाली पडायचे. बाहेर लूचा गरम वारा, आत अंधार, आणि डोक्यावर तो वास दिवसागणिक बदलत जायचा. आई संध्याकाळी दारात यायची. "आज कसा आहे?"

"नाइस."

"नाइस म्हणजे काय? नीट सांग."

"स्ट्राँग."

"अगं, स्ट्राँग हिंगही असतो. उग्र आहे? की दर्प? की नुसता दरवळतो? तोंडाला पाणी सुटेल असा, की डोळे मिटावेसे वाटतील असा? कुबट तर नाही ना झाला? ओलसर असेल तर कुबट येईल, तो लगेच सांग."

मला शब्दच नव्हते. इंग्रजीत मी चांगला आणि वाईट एवढ्यावर काम भागवत होते. तिच्याकडे शब्द होते आणि वास नव्हता. मग ती एकेक शब्द द्यायची आणि मी तो नाकाशी लावून बघायचे. खवट म्हणजे जुन्या खोबऱ्याचा. करपट आणि धुरकट एक नव्हेत. ओशट भांड्याला येतो. कुंद हवेला म्हणतात. त्या दोन आठवड्यांत मी आईशी मराठीत जेवढं बोलले तेवढं आधीच्या सोळा वर्षांत बोलले नसेन. पहिल्या चार दिवसांत वासात हिरवट कडूपणा होता, मग तो गेला, कापूर मागे सरला, आणि ती धुतलेली चादर पुढे आली. "मंद, पण लांबपर्यंत जाणारा," असं मी एके दिवशी सांगितलं, तेव्हा तिनं मान डोलावली, जणू मी गणित बरोबर सोडवलं होतं.

परीक्षा बाबांनी घेतली. त्यांनी सगळी सूत्रं हातात घेतली, कारण आमच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. स्टीलच्या दोन सारख्या डब्या; एकीत उन्हातलं, भुशाच्या वासाचं जुनं लव्हेंडर, दुसरीत नवं. आईच्या डोळ्यांवर माझी ओढणी. "एकदा बरोबर आलं तर त्यानं काही सिद्ध होत नाही," बाबा म्हणाले. "अंदाजपंचे निम्मे बरोबर येतातच. दहा वेळा करायचं. आणि गार्गी, तू तिच्यासमोर उभी राहू नकोस, तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

"डोळे बांधलेत माझे," आई म्हणाली.

"तरी नको."

माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, हे मला आयुष्यात प्रथमच कुणीतरी सांगत होतं. मी मुकाट्यानं दाराशी जाऊन उभी राहिले.

दहापैकी सात बरोबर आले. बाबांनी कागदावर खुणा केल्या होत्या, त्या त्यांनी दोनदा तपासल्या. "सात," ते म्हणाले. "नऊ असते तर मी सही केली असती. पाच असते तर नाकारलं असतं. सात म्हणजे… पुन्हा तपासणीसाठी ठेवा."

आईनं ओढणी सोडली. "वास नाही येत," ती सावकाश म्हणाली. सगळ्यांसमोर, पहिल्यांदा, खरं. "पण त्यातल्या एका डबीत काहीतरी गार आहे. नाकाच्या वरच्या टोकाला. वास नव्हे. नुसतं गार. दुसरीत ते नाही."

मग बाबांनी खरंच डॉक्टरांच्या रांगा लावल्या. एका डॉक्टरनं सांगितलं, की कापराचा तो गारवा वेगळ्या शिरेनं कळतो, त्याचा आणि वासाचा संबंध नाही. दुसऱ्यानं सांगितलं, संबंध नसला तरी रोज हुंगत राहा, नुकसान नाही. आई रोज सकाळी, पूजा झाल्यावर, डोळे मिटून ती डबी नाकाशी धरायची. जुलैत पाऊस सुरू झाला आणि नऊपैकी सात रोपं मुळाशी कुजून गेली. तिनं त्यांच्यासाठी हळहळ केली नाही. फ्रिजमध्ये बियांचं नवं पाकीट होतं.

त्या ऑक्टोबरातली एक सकाळ. बाबा कामावर गेले होते. मला सुट्टी होती आणि मी बैठकीत वाचत पडले होते. आई मागच्या अंगणात उकिडवी बसून पुढच्या कुंड्यांसाठी बेतव्याची वाळू चाळत होती. चाळणीचा तो खरखर आवाज मला ऐकू येत होता. आणि मग तो थांबला.

"गार्गी," तिचा आवाज आला. नेहमीसारखा मोठा नाही. एखादं पाखरू उडून जाईल म्हणून हळू बोलावं तसा. "दूध लागलं का गं?"

मी धावत स्वयंपाकघरात गेले. बारीक गॅसवर दुधाचं पातेलं होतं, वर साय आली होती, आणि तिच्या कडेनं अगदी बारीकसा, करपट वास सुटायला लागला होता. मलाही इथे येईपर्यंत आला नव्हता. जाळीच्या दारातून मी बाहेर बघितलं. आई वाळूनं माखलेले हात तसेच वर धरून उभी राहिली होती, डोळे मिटून, मान किंचित वर.

मी गॅसच्या बटणाकडे हात नेला आणि तसाच थांबवला. म्हटलं, अजून थोडं लागू दे.